पवनचक्कीच्या पात्यांची निगा



गाळप हंगाम संपला की कारखान्याचा भोंगा थांबतो, पण काम थांबत नाही, हे आपण जाणता. मिलचे रोलर निघतात, पंप उघडले जातात. ऊस फोडणाऱ्या फायब्रायझरचे हातोडे उतरवतात, एकेकाचे वजन करतात, आणि सारख्या वजनाचे हातोडे समोरासमोर येतील असे पाहून मगच ते पुन्हा बसवतात. नवख्या माणसाला वाटते, एवढ्या अवजड यंत्रात थोडे वजन इकडे-तिकडे झाले तर काय बिघडते? पण जे गरगर फिरते तिथे वजनाचा हिशेब वेगळा असतो. फिटरला तो ठाऊक असतो, म्हणून तो काटा घेऊन बसतो.

आज हाच धडा एका छोट्या यंत्राच्या बाबतीत गिरवायचा आहे. आपल्यापैकी काहींनी मळ्यातल्या वस्तीवर दिव्यांसाठी आणि बॅटरी चार्जिंगसाठी छोट्या पवनचक्क्या बसवल्या आहेत, काही जण बसवण्याच्या विचारात आहेत. सौर पॅनेल आणि पवनचक्की अशी जोडीही काही ठिकाणी दिसते. उन्हाळ्यात सूर्य काम करतो आणि आषाढ-श्रावणात आभाळ भरले की वारा काम करतो, अशी ती जोडी आहे. चक्की घेताना आपण जनरेटर किती वॅटचा, बॅटरी किती वर्षांची, हे सगळे विचारतो. पाती मात्र कोणी विचारत नाही. खरे पाहता वारा पकडतात ती पाती, आणि घात करतात तीही पातीच.

नौपाड्याच्या गच्चीवरची चक्की

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आपले एक जुने सभासद, त्यांना आपण आबा म्हणू, शेतकी कार्यालयात आले. त्यांचा थोरला मुलगा ठाण्याला नोकरीला असतो आणि नौपाड्यात राहतो. गोखले रस्त्यापासून जवळच त्यांची जुनी, चार मजली इमारत आहे. मुलाने पाच वर्षांपूर्वी हौसेने गच्चीवर पाचशे-सहाशे वॅटची पवनचक्की बसवली होती. पहिली दोन वर्षे बरी गेली. मग रात्री वरच्या मजल्यावरच्या घरांतून घर्र घर्र आवाज ऐकू येऊ लागला. भिंतीला हात लावला तर थरथर जाणवे. शेजाऱ्यांच्या तक्रारी झाल्या, आणि सोसायटीने सांगितले की पावसाळ्याआधी हे यंत्र उतरवा.

आबांचे म्हणणे सरळ होते. "पोराला तिथं चालत नसंल तर आपल्या वस्तीवर आणतो. इथं वारं काय कमी हाय? पण आणण्याजोगी हाय का नाही, ते तुम्ही बघा."

आम्ही कारखान्यातल्या एका अनुभवी फिटरला बरोबर घेऊन ठाण्याला गेलो. गच्चीवर गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही की, आजूबाजूला तीन बाजूंनी उंच इमारती उठल्या होत्या. नौपाड्यातली जुनी बैठी घरे आणि दोन-तीन मजली चाळी जाऊन तिथे टॉवर झाले आहेत. वारा सरळ येण्याऐवजी इमारतींवर आपटून, भोवरे घेत येत होता. चक्की दर मिनिटाला तोंड फिरवत होती. अशा वाऱ्यात वीज थोडी मिळते आणि पात्यांना हिसके मात्र फार बसतात.

दुसरी गोष्ट चक्की उतरवल्यावर दिसली. हबच्या मागे, म्हणजे गाडीच्या चाकाच्या तुंब्यासारखा जो मधला भाग असतो त्याच्या मागे, पतंगाचा नायलॉन मांजा गुंडाळून बसला होता. संक्रांतीत आसपासच्या गच्च्यांवरून पतंग उडतात, त्यातलाच तो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली या मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो अजून सापडतो. मांजाने एका पात्याच्या बुडाशी करवतीसारखी खाच पाडली होती.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आदल्या वर्षी एका पात्याची धार झिजली म्हणून मुलाने ओळखीच्या पेंटरकडून तिथे लांबी भरून घेतली होती आणि वर रंगाचे दोन हात दिले होते. काम देखणे झाले होते. आम्ही खालच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला आणि तिन्ही पाती तोलली. दोन पाती जवळजवळ सारखी भरली. दुरुस्त केलेले पाते चाळीस ग्रॅम जड निघाले.

मुलगा म्हणाला, "चाळीस ग्रॅम? म्हणजे मूठभर शेंगदाणेसुद्धा नाहीत!"

आम्ही त्याला गच्चीवरच कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून दाखवला. तोच इथे देतो.

चाळीस ग्रॅमचे बारा किलो कसे होतात?

ही चक्की दोन मीटर व्यासाची आहे, म्हणजे एकेक पाते सुमारे एक मीटर लांब. अशी तीन पात्यांची चक्की चांगल्या वाऱ्यात फिरते तेव्हा पात्याचे टोक वाऱ्याच्या पाच-सहा पट वेगाने जाते. वारा ताशी ३६ किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला १० मीटर. सहा पट म्हणजे टोक सेकंदाला ६० मीटर, ताशी २१६ किलोमीटर वेगाने धावते. चक्कीचे मिनिटाला सुमारे ५७० फेरे होतात.

गोफण आपण सगळ्यांनी फिरवली आहे. छोटासा दगड, पण फिरवताना हात ओढला जातो. वेग वाढवला की ओढ वाढते, आणि दुप्पट वेगाला ती दुप्पट होत नाही, चौपट होते. पात्याचेही तसेच. एक किलो वजनाचे पाते या वेगाने फिरताना आपल्या बुडाला सुमारे दीड क्विंटलची ओढ देते. तीन पाती सारखी असतील तर तिघांची ओढ एकमेकांना सावरून धरते आणि खांबाला काही कळत नाही. पण एका पात्यावर मध्यापासून ८० सेंटिमीटर अंतरावर चाळीस ग्रॅम जास्त असतील, तर त्या जादा वजनाची ओढ सुमारे बारा किलोची होते. ती सावरायला समोर कोणी नसते. म्हणजे बारा किलोचा धक्का, सेकंदाला नऊ-दहा वेळा, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला. तासाला असे चौतीस हजार धक्के झाले. आधी बेअरिंग वाजू लागते, मग नट सैल होतात, मग खांब हलतो. शेवटी शेजारी तक्रार करतात ती भिंतीच्या थरथरीची. पण दुखणे भिंतीत नसते, पात्यावरच्या लांबीत असते.

मुलाचा चेहरा पडला. "म्हणजे दुरुस्ती केली म्हणून बिघडली?" दुरुस्ती केली म्हणून नव्हे, दुरुस्तीनंतर वजन केले नाही म्हणून बिघडली. आजच्या धड्यातले मुख्य वाक्य हेच आहे: पात्याला काहीही लावा, काहीही काढा, पण तिन्ही पाती तोलल्याशिवाय वर चढवू नका.

पाते ओळखून घ्या

पुढचे समजण्यासाठी पात्याचे चार भाग लक्षात ठेवावेत.

१) बूड : जिथे पाते बोल्टने हबला जोडलेले असते. सगळी ओढ इथे येते.

२) टोक : सर्वांत वेगवान भाग.

३) पुढची धार : जाड, गोलसर, हवा कापत पुढे जाते ती.

४) मागची धार : पातळ; हवा सुटून जाते ती.

पाते सपाट फळी नसते. बुडाशी ते जास्त तिरपे आणि टोकाकडे कमी तिरपे असते. पाठ फुगीर आणि पोट सपाटसर असते. हा आकार उगाच दिलेला नाही. हवा पाठीवरून सुरळीत घसरली तर पात्याला ओढ मिळते. पाठीवर किंवा पुढच्या धारेवर खडबड झाली तर हवा मध्येच सुटते आणि ओढ जाते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, म्हणून कमाईचे दिवस म्हणजे जोराच्या वाऱ्याचे दिवस. आणि खडबडीत पाती नेमकी त्याच दिवसांत मार खातात.

याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. मोठ्या चक्क्यांची वीज काही दिवशी वारा तेवढाच असूनही घटते, याचे कोडे बरीच वर्षे होते. २००१ साली कॉर्टेन व वेल्डकाम्प या दोन संशोधकांनी 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात दाखवून दिले की, कारण पुढच्या धारेवर चिकटलेले मेलेले किडे हे आहे. वारा मंद असताना किडे उडतात आणि पात्यावर चिरडतात. तेव्हा फरक पडत नाही. जोराचा वारा आला की त्या खडबडीमुळे वीज पार निम्म्यापर्यंत उतरू शकते. पाती धुतली की पुन्हा पूर्ववत. किड्यांची ही कथा, तर आपल्याकडे पाचट जाळल्याची काजळी, धुराड्यातून उडणारी राख आणि पाणंदीची धूळ आहेच.

पाती कशाने खराब होतात?

*पाऊस आणि धूळ.* ताशी दोनशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या धारेवर पावसाचा थेंब खड्यासारखा आपटतो. धारेचा टोकाकडचा एक तृतीयांश भाग आधी झिजतो.

*ऊन.* फायबरच्या पात्यावरचा चकाकणारा थर उन्हाने मरतो. हात फिरवल्यावर खडूसारखी पांढरी पूड हाताला लागली तर थर संपत आला असे समजावे.

*पाणी.* लाकडी पात्याच्या बारीक भेगेतून पाणी आत शिरते आणि ते पाते जड होते. पोकळ पात्यातही असेच होते.

*खारी हवा.* ठाण्यासारख्या खाडीकाठच्या गावात बोल्ट आणि वायसर गंजतात. आपल्याकडे हा त्रास कमी, पण खताच्या गोदामाजवळ चक्की असेल तर तो आहे असे धरून चालावे.

*पक्षी, गांधीलमाश्या, मांजा.* चक्की बरेच दिवस बंद असेल तर हबच्या आत किंवा शेपटीच्या जोडात गांधीलमाश्या घर करतात. उतरवण्याआधी पाहावे, नाहीतर चेनपुली हातात असताना पळायची वेळ येते.

उतरवताना घ्यायची काळजी

महाराष्ट्रात १९८६ साली देवगडच्या किनाऱ्यावर वीज तयार करणाऱ्या चक्क्या उभ्या राहिल्या, पुढे साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर त्यांची रांगच लागली. त्या मोठ्या चक्क्यांच्या पात्यांवर दोराला लटकून काम करणारी शिकलेली माणसे असतात. आपल्या वस्तीवर मालक तोच, वायरमन तोच आणि फिटरही तोच. म्हणून पुढील नियम मोडू नयेत.

१) काम पहाटे, वारा पडलेला असताना करावे. वाऱ्यात चक्की उतरवू नये.

२) आधी ब्रेकचा स्विच टाकावा. हा स्विच जनरेटरच्या तिन्ही वायरी एकमेकींना जोडतो आणि चक्की जड होऊन थांबते. जोराच्या वाऱ्यात मात्र हा स्विच टाकू नये. चक्की थांबत नाही आणि जनरेटरची गुंडाळी जळू शकते.

३) चक्की फिरत असताना बॅटरीची वायर कधीही काढू नये. भार सुटला की चक्की मोकाट सुटते. वेग दीडपट झाला तरी पात्याची ओढ सव्वादोन पट होते. दीड क्विंटलचे सव्वातीन क्विंटल होतात.

४) झुकवता येणारा खांब असेल तर किमान चार माणसे, चेनपुली आणि चांगला दोर घ्यावा. खांबाच्या दीडपट अंतरात मुले, जनावरे नकोत. जवळून विजेच्या तारा जात असतील तर आधी महावितरणच्या कार्यालयाशी बोलावे. तारेखाली खांब झुकवणे म्हणजे मरणाला बोलावणे.

५) खांब खाली येताच पाते दोराने बांधून टाकावे. नुसत्या झुळकेनेही ते फिरते आणि बोट तोडते.

६) पाती सोडवण्याआधी पाते आणि हब दोन्हींवर खडूने नव्हे तर रंगाने १, २, ३ असे आकडे घालावेत. ज्या जागेचे पाते त्याच जागी गेले पाहिजे.

तपासणी : डोळा, नख आणि नाणे

पाते सावलीत दोन पोत्यांवर ठेवावे. ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. मग तीन साधने वापरावीत.

*डोळा.* बुडापासून टोकापर्यंत धार आडवी धरून पाहावी, जशी आपण लाकडी ओंडक्याची सरळ रेषा पाहतो. वाक, पीळ दिसला तर दुसऱ्या पात्याशी ताडून पाहावा.

*नख.* पुढच्या धारेवरून नख फिरवावे. ते अडकले तर तिथे खड्डा आहे. बोल्टच्या भोकांभोवती भिंगाने पाहावे. भोकापासून निघालेली केसासारखी रेघ दिसली तर ती रंगाची आहे की आतली, हे रंग थोडा खरवडून पाहावे.

*नाणे.* फायबरच्या पात्यावर रुपयाच्या नाण्याने हलके ठोकत जावे. चांगल्या जागी टणटण आवाज येतो. जिथे आतले थर सुटले आहेत तिथे मटक्यासारखा पोकळ, बसका आवाज येतो. त्या जागेवर पेन्सिलीने गोल काढून ठेवावा.

आता निर्णयाची वेळ. धारेवरचे खड्डे, निघालेला रंग, बारीक ओरखडे ही दुरुस्तीची कामे आहेत. बुडाजवळची चीर, बोल्टच्या भोकाची चीर, थर सुटलेली मोठी जागा, आणि आरपार तडा यांना दुरुस्ती नाही. असे पाते वर चढवायचे नाही.

नौपाड्यात आम्हाला नेमके हेच सांगावे लागले. मांजाने पाडलेल्या खाचेपासून भोकाकडे चीर गेली होती. नखाएवढीच होती. आबा म्हणाले, "एवढीशी तर चीर हाय. एम-सील भरू, वरून पट्टी मारू, चालतंय."

आम्ही आबांना गच्चीच्या कठड्याशी नेले. खाली इमारतीचे आवार होते आणि पलीकडे शाळेतून घरी चाललेली मुले. आम्ही म्हणालो, "आबा, या चिरेवर दीड क्विंटलची ओढ येणार. बैलगाडीचं जू चिरलं तर तुम्ही सुतळी गुंडाळून ऊस भराल का? आणि इथं तर सुटलेलं पातं कुठं जाईल हेही आपल्या हातात नाही. उद्या तुमच्या वस्तीवर नातवंडं अंगणात खेळणार." आबा काही बोलले नाहीत. मग मुलाकडे वळून म्हणाले, "नवीन किती पडतात रं?"

नवा संच घेण्याचे ठरले. दोन-तीन टन उसाचे पैसे गेले. पाती संचानेच घ्यावीत; कारखान्यात तिन्ही पाती एकमेकांशी तोलून दिलेली असतात. एकच पाते दुसरीकडून आणून जोडले तर वजन, आकार, लवचीकपणा जुळतोच असे नाही.

धुणे आणि डागडुजी

धुण्यासाठी साधे साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरते. तारेचा घासणा, चुलीची राख, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही वापरू नये. काजळीचा थर जुना असेल तर ओले फडके अर्धा तास गुंडाळून ठेवावे, मग तो सुटतो.

धारेवरचा खड्डा भरताना जागा पॉलिश पेपरने घासावी, पूड पुसावी, दोन भागांचे इपॉक्सी भरावे आणि पूर्ण वाळू द्यावे. मग बारीक पेपरने, पाणी लावून, मूळ आकार येईपर्यंत घासावे. लागेल तेवढेच भरावे आणि जास्तीचे घासून काढावे. लाकडी पाते असेल तर उघड्या जागी जवसाचे तेल मुरवावे, वाळल्यावर रंग द्यावा.

रंग तिन्ही पात्यांना एकाच दिवशी, एकाच डब्यातून, सारखे हात द्यावेत. एकाच पात्याला रंग देणे म्हणजे तीन बैलांतल्या एकाच्या पाठीवर पोते टाकणे.

पुढच्या धारेसाठी पारदर्शक, जाड पॉलियुरेथेनची पट्टी मिळते. ती टोकाकडच्या भागावर, धारेच्या दोन्ही बाजूंना सारखी येईल अशी चिकटवतात. पट्टीखाली हवेचे फुगे राहू नयेत. तिन्ही पट्ट्या एकाच लांबीच्या कापाव्यात. पाऊस पट्टीला झिजवतो, पाते वाचते. दोन-तीन वर्षांनी पट्टी बदलावी. खर्च थोडा, फायदा मोठा.

तोल कसा पाहावा?

यासाठी लागतो एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, एक टेबल आणि वारा नसलेली खोली.

*पहिली पायरी : पूर्ण वजन.* तिन्ही पाती एकेक करून काट्यावर ठेवावीत. आकडे वहीत लिहावेत.

*दुसरी पायरी : टोकाचे वजन.* नुसते वजन सारखे असून भागत नाही. वजन कुठे आहे हेही पाहावे लागते. बुडाचे बोल्टचे भोक टेबलावर पक्क्या ठेवलेल्या खिळ्यासारख्या आधारावर टेकवावे आणि टोक काट्यावर टेकवावे. टोक दर वेळी त्याच खुणेवर आले पाहिजे. काटा जो आकडा दाखवेल तो लिहावा. तिन्ही पात्यांचे पूर्ण वजन सारखे आणि टोकाचे वजनही सारखे आले की पाती जुळली.

*तिसरी पायरी : जोडून पाहणे.* पाती हबला जोडून, हबचा मध्य एका टोकदार बोल्टवर आडवा तोलून पाहावा. जी बाजू खाली झुकेल ती जड.

*चौथी पायरी : दुरुस्ती.* आधी जड पात्यावरची जादा लांबी, रंग घासून कमी होतो का ते पाहावे. तसे जमत नसेल तर हलक्या पात्याच्या बाजूला हबजवळ वायसर बोल्टने पक्के बसवावेत. हिशेब तराजूसारखा आहे: वजन गुणिले अंतर. समजा एक पाते मध्यापासून ६० सेंटिमीटर अंतरावर १० ग्रॅमने हलके आहे. दहा गुणिले साठ म्हणजे ६००. हबवर १० सेंटिमीटर अंतरावर वजन द्यायचे तर सहाशे भागिले दहा, म्हणजे ६० ग्रॅम लागतील. हे वजन चिकटवू नये, बोल्टनेच बसवावे.

तीन पाती का, असे काही जण विचारतात. अमेरिकेत १९३० च्या सुमारास शेतांवर जेकब्ज बंधूंच्या चक्क्या चालत. त्यांना असे दिसले की दोन पात्यांची चक्की वाऱ्याकडे तोंड वळवताना हिसके देते, तीन पात्यांची सुरळीत वळते. म्हणून तीन, पण तिन्ही सारखी असतील तरच.

पुन्हा बसवताना

बोल्ट एका बाजूने सगळे आवळत जाऊ नयेत; समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. शक्य तर टॉर्क पाना वापरावा आणि माहितीपत्रकात दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळावे. फार आवळले तर लाकूड दबते, फायबर चिरडते. लॉकनट जुने पुन्हा वापरू नयेत. आवळून झाल्यावर नट आणि पत्रा यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. पुढे रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, हे खालून दुर्बिणीनेही कळते.

मग टेपने टोक ते टोक अशी तिन्ही अंतरे मोजावीत. ती दोन-चार मिलिमीटरच्या आत जुळली पाहिजेत. प्रत्येक टोक खांबासमोर आणून खांबापासूनचे अंतरही मोजावे. एक टोक पुढे, एक मागे असेल तर पाते तिरपे बसले आहे. नवी पाती बसवल्यावर महिन्याभराने नट एकदा पुन्हा तपासावेत.

कान लावून ऐका

चांगली चक्की सळसळते. बैल जसा चालीवरून ओळखतो, तशी चक्की आवाजावरून ओळखावी. शिट्टी वाजली तर धारेला भोक किंवा पट्टी उचकटली आहे. प्रत्येक फेऱ्याला फट् फट् होत असेल तर एका पात्याला तडा आहे किंवा पट्टी लोंबते आहे. खांबाला हात लावल्यावर थरथर लागली तर तोल गेला. घरघर येत असेल तर बेअरिंग. यांपैकी काहीही ऐकू आले की वारा पडल्याबरोबर चक्की थांबवावी. 'उद्या बघू' म्हणू नये.

वर्षाचे वेळापत्रक

*संक्रांतीनंतर :* मांजा अडकला आहे का ते पाहणे.

*एप्रिल-मे, मृगाच्या आधी :* चक्की उतरवून पूर्ण तपासणी, धुणे, डागडुजी, तोल. जोराचा वारा पावसाळ्यात असतो, म्हणून वर्षाचे खरे काम हेच.

*पावसाळ्यात :* आठवड्यातून एकदा खाली उभे राहून पाहणे व ऐकणे. वादळानंतर त्याच दिवशी पाहणे.

*दसरा-दिवाळीला :* धारेची झीज पाहणे, पाती पुसणे, बोल्टवरच्या रेघा तपासणे.

या सगळ्याची एक वही ठेवावी. तारीख, तिन्ही वजने, काय केले, एवढे पुरे. पुढच्या वर्षी आकडा बदलला तर पाते पाणी पिते आहे की झिजते आहे, हे वहीच सांगेल.

शेवटी

आबांची चक्की आता वस्तीवर आहे. जागा निवडताना आम्ही एक नियम पाळला: आसपास दीडशे मीटरमध्ये जे सर्वांत उंच झाड किंवा घर आहे, त्याच्यापेक्षा पात्यांचे खालचे टोक दहा मीटर तरी वर हवे. त्यासाठी खांब लांब घ्यावा लागला आणि आबांनी पुन्हा एकदा खर्चाची कुरकुर केली. पण ज्या वाऱ्याला नौपाड्यात टॉवर आडवे येत होते, तो इथे मोकळा येतो. पहिल्या पावसाळ्यात चक्की सळसळत चालली, खांबाला हात लावला तर थरथर नाही.

चीर गेलेले ते जुने पाते आबांनी टाकले नाही. ओसरीच्या भिंतीला खिळ्यावर टांगून ठेवले आहे. आलेल्या-गेलेल्याला ते दाखवतात आणि नखाने चीर दाखवून सांगतात, "हितं दीड क्विंटल."

स्वाध्याय

१) चक्की फिरत असताना बॅटरीची वायर का काढू नये?

२) एका पात्याचे पूर्ण वजन इतर दोघांइतकेच आहे, पण टोकाचे वजन जास्त आहे. चक्की थरथरेल का? का?

३) एक पाते मध्यापासून ५० सेंटिमीटरवर १२ ग्रॅमने हलके आहे. हबवर १० सेंटिमीटर अंतरावर किती वजन बसवावे?

४) कोणत्या चिरा दुरुस्त करता येत नाहीत?

ज्या सभासदांकडे पवनचक्की आहे त्यांनी मृगाच्या आधी पाती उतरवण्याचे ठरवल्यास शेतकी कार्यालयात कळवावे. काटा आमच्याकडे आहे.